माचीवरचा हरवलेला 'र'

राजगडावरचा लेख वेबसाइटवर चढवला, लिंक घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली आणि चहा ठेवला. उकळी फुटायच्या आत भाच्याचा फोन आला.

"आत्या, लेख उघडून वरच्या पट्टीतला पत्ता बघ. माचीवरचा र कुठे पडला?"

लेखाचं नाव होतं 'राजगडाच्या संजीवनी माचीवर पावसातली पहाट'. पत्त्यात उरलं होतं 'राजगडाच्या-संजीवनी-माचीव'. पाऊस गेला, पहाट गेली, आणि 'माचीवर'मधला शेवटचा र कड्यावरून थेट खाली. वर्तमानपत्राच्या डेस्कवर वर्षानुवर्षं इतरांच्या चुका काढलेल्या बाईला हे सहन होणं शक्य नव्हतं. मी शीर्षक पुन्हा तपासलं. ते बरोबर होतं. चूक टायपिंगची नव्हती, हिशेबाची होती.

हिशेब असा. संगणक देवनागरीचं प्रत्येक चिन्ह वेगळं मोजतो. अक्षर एक, त्याचा काना दुसरा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायचं चिन्ह, सगळी स्वतंत्र. अशा प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. वेबच्या पत्त्यात ही चिन्हं जशीच्या तशी ठेवता येत नाहीत. प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह आणि त्यापुढे दोन अक्षरं-आकडे असा लिहावा लागतो. एकट्या 'म'चं तिथे '%ई०%ए४%एई' होतं, तेही रोमन लिपीत. म्हणजे एका चिन्हाला नऊ जागा. माझी वेबसाइट ज्या साधनावर उभी आहे, तिथे लेखाच्या पत्त्याला २०० जागा राखलेल्या आहेत. 'राजगडाच्या' या शब्दात १० चिन्हं, त्यांच्या ९० जागा. मधली आडवी रेघ एक. 'संजीवनी'ची सात चिन्हं, ६३. आणखी एक रेघ. झाले १५५. उरलेल्या ४५ जागांत 'माचीव' ही पाच चिन्हं बरोबर बसली आणि र दाराबाहेर राहिला. इंग्रजी शीर्षकाला २०० जागा म्हणजे पायघड्या घातलेलं अंगण. मराठीला त्यात जेमतेम २२ चिन्हं.

या एका र मुळे मी सर्च इंजिनच्या सेटिंगांचा कप्पा पहिल्यांदा नीट उघडला. वर्डप्रेस, ब्लॉगर, विक्स, स्क्वेअरस्पेस, कुठलंही साधन घ्या. लेख लिहायच्या चौकटीच्या कडेला किंवा खाली सर्च इंजिनसाठीची सेटिंग्ज असतात. कुठे त्याला एसईओ म्हणतात, कुठे सर्च सेटिंग. बहुतेक लेखक तिकडे बघत नाहीत, कारण रिकामं ठेवलं तरी साधन आपल्या मनाने रकाने भरून टाकतं. इंग्रजीत लिहिणाऱ्याचं त्या 'आपोआप'वर निभतं. मराठीत लिहिणाऱ्याचं निभत नाही, कारण ते आपोआप भरणारं डोकं रोमन लिपी गृहीत धरून घडवलेलं आहे. म्हणून चार-पाच रकाने आपल्या हातानेच भरावे लागतात. कुठले आणि का, तेवढंच मला सांगायचं आहे.

पत्त्याच्या त्या शेवटच्या तुकड्याला म्हणतात स्लग. हा शब्द ऐकून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. छापखान्यात शिशाची आख्खी ओळ एकसंध ओतून निघे, ती स्लग. पुढे बातमीचं डेस्कवरचं कामचलाऊ नाव म्हणजे स्लग झालं. बातमीचं शीर्षक रात्री अकराला ठरायचं, पण 'पाऊस-पुणे' किंवा 'कांदा-नाशिक' असा स्लग संध्याकाळीच पडलेला असायचा, म्हणजे कोण कुठल्या बातमीबद्दल बोलतंय ते सगळ्यांना कळे. तो शीर्षकाइतका देखणा नसे आणि त्याने तसं असायची गरजही नसे. वेबवरच्या स्लगलाही हाच न्याय लावावा.

ब्लॉगरवर त्या हरवलेल्या र हून मोठी गंमत आहे. तिथे पत्ता आपोआप बनू दिला तर शीर्षकातली देवनागरी अक्षरं गाळली जातात आणि हाती काहीच उरलं नाही की लेखाला नाव मिळतं नुसतं 'ब्लॉग-पोस्ट'. त्या महिन्यातल्या पुढच्या लेखालाही तेच, फक्त शेपटाला एखादा आकडा. मराठी ब्लॉगांच्या जुन्या पत्त्यांत ही 'ब्लॉग-पोस्ट'ची रांग दिसते. एकाच वर्गातल्या सगळ्या मुलांना हजेरीत 'विद्यार्थी' म्हणून हाक मारावी तशी. यावर उपाय सोपा आहे. लेखाच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक नावाचा कप्पा आहे, त्यात 'कस्टम' निवडायचं आणि रोमन अक्षरांत तीन-चार शब्द लिहायचे. पण हे प्रकाशित करायच्या आधी. एकदा लेख बाहेर पडला की पत्ता बदलायला तो पुन्हा ड्राफ्टमध्ये न्यावा लागतो.

रोमन का, असा प्रश्न रास्त आहे. देवनागरी पत्ता चुकीचा मुळीच नाही. मराठी विकिपीडियाचे पत्ते देवनागरीतच आहेत आणि शोधात ते झकास वर येतात. पत्त्यात वाचकाच्या भाषेतले शब्द वापरा, असं गूगलही सांगतं. तरी माझ्या दृष्टीने दोन अडचणी उरतात. एक म्हणजे २०० जागांचा चिमटा. दुसरी अशी की देवनागरी पत्ता कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की बऱ्याचदा टक्क्यांचं रान उगवतं, आणि साठीच्या पुढचा वाचक असली लिंक बघून 'व्हायरस असेल' म्हणत पुढे जातो. शिवाय एक फायदा पदरात पडतो, त्याबद्दल थोडं पुढे लिहिते. तर राजगडाचा लेख आज नव्याने चढवायचा असता, तर मी त्याला रोमनमध्ये 'राजगड-ट्रेक-गुंजवणे' असा स्लग दिला असता; गुंजवणे हे पायथ्याचं गाव. 'गड'च्या शेवटी नुसता डी लिहायचा की डी-एच, यावर रात्र घालवू नये. एक निवडावं आणि सगळ्या लेखांत तेच पाळावं.

आता हे रकाने वाचतं कोण, ते बघू. सर्च इंजिनची तीन कामं असतात. पहिलं फिरण्याचं. गूगलचा गूगलबॉट नावाचा प्रोग्रॅम एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात पानं गोळा करत हिंडतो. दुसरं नोंदीचं. गोळा केलेलं पान कशाबद्दल आहे, कुठल्या भाषेत आहे, त्याची आणखी कुठे नक्कल आहे का, हे पाहून ते सूचीत घालायचं की नाही हे ठरतं. तिसरं क्रम लावण्याचं. कुणी काही विचारलं की सूचीतून पानं काढून ओळीने मांडायची. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये कंपनी काढली ती या तिसऱ्या कामातल्या एका कल्पनेवर: कोणत्या पानाकडे कोण बोट दाखवतं, त्यावरून पानाचं वजन ठरवायचं.

आपल्या सेटिंगांचा संबंध मुख्यतः पहिल्या दोन कामांशी येतो आणि तिसऱ्यानंतर जे दिसतं त्याच्याशी. मधल्या क्रमावर त्यांचा जोर फार चालत नाही. 'हे बटण दाबा आणि पहिल्या पानावर या' असं सांगणारा माणूस आणि जत्रेतला पोपटवाला यांच्यात मला तरी फरक दिसत नाही.

सगळ्यांत जास्त रमण्यासारखा रकाना शीर्षकाचा. आपल्याकडे ललित शीर्षकाची हौस दांडगी. 'पुन्हा एकदा धुक्यात', 'ती वाट ओलांडताना', 'आठवणींचा गड'. दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत ही शोभतात, कारण तिथे बाजूला लेखकाचं नाव असतं, वर विभागाचं नाव असतं, आणि वाचकाने अंक आधीच विकत घेतलेला असतो. शोध घेणारा माणूस मात्र आपल्याला ओळखत नाही. शनिवारी पहाटे निघायचं आहे, मित्राने विचारलंय की पाली दरवाजाने जायचं की चोर दरवाजाने, आणि हा बसमध्ये एका हाताने टाइप करतोय. 'आठवणींचा गड' त्याच्या कामाचा आहे हे त्याला कसं कळावं?

यासाठी कवितेचा बळी द्यावा लागत नाही. बहुतेक साधनांत दोन शीर्षकं देता येतात: एक पानावर दिसणारं, एक सर्च इंजिनसाठीचं. वर्डप्रेसला त्यासाठी एखादं प्लगइन जोडावं लागतं. विक्स आणि स्क्वेअरस्पेसमध्ये हा रकाना आतच असतो. पानावर माझी 'पावसातली पहाट' तशीच राहिली. सर्चच्या रकान्यात मी लिहिलं: 'राजगड ट्रेक: गुंजवणे, चोर दरवाजा, संजीवनी माची'. गावाचं नाव आहे, वाटेचं आहे, माचीचं आहे. गड ओळखणाऱ्याला एवढं पुरतं.

लांबीबद्दल सगळीकडे साठ अक्षरांचा नियम वाचायला मिळतो. गूगल अक्षरं मोजत बसत नाही. निकालाच्या ओळीत जेवढं मावेल तेवढं दाखवतं, बाकीचं छाटतं. आणि साठ हा अंदाज इंग्रजी अक्षरांचा. मराठीत उकार-अनुस्वार अक्षराच्या खाली-वर बसतात, रुंदी खात नाहीत, पण मोजणारं यंत्र त्यांनाही धरतं. त्यामुळे रकान्याखालची पट्टी लाल झाली तरी मोबाइलवर शीर्षक पुरतं दिसू शकतं. मी पट्टीकडे बघत नाही. महत्त्वाचा शब्द पहिल्या तीन शब्दांत आणते आणि वेबसाइटचं नाव शेवटाला ठेवते, म्हणजे छाटलं गेलं तर तेच जाईल. एक मात्र मनाशी धरून असावं: हे शीर्षक म्हणजे हुकूम नव्हे. गूगलला पटलं नाही तर ते पानावरचं मोठं शीर्षक किंवा दुसराच मजकूर उचलतं, आणि ऑगस्ट २०२१ पासून तर पानावरच्या शीर्षकाला आणखी महत्त्व मिळालं आहे. म्हणून पानावरचं नावही अगदीच अधांतरी नसावं. 'आठवणींचा गड'ऐवजी 'राजगड: आठवणींचा गड' म्हटल्याने कुठल्याच कवीचं काही बिघडत नाही.

शीर्षकाखालच्या दोन ओळी म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन. हा रकाना रिकामा ठेवला तर सर्च इंजिन पानातूनच एखादा तुकडा उचलतं. आपल्या लेखांची सुरुवात बरेचदा 'नमस्कार मित्रांनो, कसे आहात सगळे? खूप दिवसांनी लिहायला बसले आहे' अशी असते, आणि नेमकं हेच निकालात उमटतं. मी राजगडासाठी लिहिलं ते असं: 'गुंजवण्यातून चोर दरवाजाने राजगड: पावसाळ्यातली वाट, निसरडे टप्पे, पद्मावती ते संजीवनी माची लागणारा वेळ आणि सोबत काय घ्यावं.' सव्वाशेच्या आत चिन्हं आहेत. ब्लॉगरमध्ये हा रकाना १५० चिन्हांचा असतो आणि मुळात तो दिसतही नाही. आधी ब्लॉगच्या मुख्य सेटिंगमध्ये जाऊन 'सर्च डिस्क्रिप्शन' चालू करावं लागतं, तेव्हा तो प्रत्येक लेखाच्या बाजूला उगवतो. डिस्क्रिप्शनने क्रम सुधारत नाही. पण दहा निकालांच्या ओळीत कुठल्या दारावर टकटक करायची, हे वाचक याच दोन ओळींवरून ठरवतो. वर्तमानपत्रात इंट्रो लिहायची सवय असलेल्यांना हे काम पाच मिनिटांचं आहे.

त्याच परिसरात 'कीवर्ड्‌स' नावाचा रकाना दिसला तर तो खुशाल रिकामा सोडा. वेबवरच्या क्रमासाठी कीवर्ड्‌सचा मेटा टॅग आपण वापरत नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं. तरी आजही तिथे 'राजगड, गड, किल्ला, ट्रेक, ट्रेकिंग, महाराष्ट्र, सह्याद्री' अशी माळ ओवणारे भेटतात.

आता खास मराठीची दुखणी.

पहिलं दुखणं जुन्या फॉन्टांचं. युनिकोड रुळायच्या आधी प्रत्येक फॉन्टची आपली लिपी होती. डोळ्यांना 'राजगड' दिसे, पण आत रोमन अक्षरांची खिचडी. असा मजकूर पेस्ट केलेलं पान सर्च इंजिनच्या लेखी मराठी नसतंच. जुना लेख चढवायचा असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा आणि मग ओळ न् ओळ वाचावी, कारण बदलणारं यंत्र जोडाक्षरांत हमखास घोटाळा करतं. मजकुराचं चित्र करून डकवणं हा त्याच दुखण्याचा नवा अवतार. सुप्रभातच्या फुलांवर कविता लिहून ती चित्र म्हणून टाकली, तर ती शोधून वाचायला येणाऱ्याला सापडेल याचा भरवसा नाही.

दुसरं दुखणं दिसायला एक आणि आतून दोन असलेल्या अक्षरांचं. 'दऱ्या', 'पायऱ्या', 'शेतकऱ्यांना' यांतला तो पापणीसारखा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: काही कळफलक त्यासाठी नुक्ता असलेला ऱ वापरतात, काही साध्या र ला पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. कागदावर फरक शून्य. अक्षरशः जुळणी पाहणारं साधन मात्र त्यांना दोन वेगळे शब्द धरतं. 'ॲप'चंही तसंच. ॲ हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची सवय अ वर चंद्र ठेवायची, आणि ती अजून अनेकांच्या बोटांत आहे. सर्च इंजिनं असे भेद बरेचसे समजून घेतात, पण निदान एका वेबसाइटवर एकच पद्धत असावी. मी घरातल्या दोन्ही कळफलकांची तपासणी केली तेव्हा लॅपटॉपवरच्या माझ्या पायऱ्या आणि मोबाइलवरच्या माझ्या पायऱ्या वेगळ्या निघाल्या.

तिसरी गोष्ट दुखणं नाही, सवय आहे. मराठी वाचणारी पुष्कळ माणसं शोधताना रोमन लिपीत टाइप करतात. 'राजगड फोर्ट इन्फर्मेशन इन मराठी' असा शोध इंग्रजी अक्षरांत, आणि अपेक्षा मात्र मराठी लेखाची. मजकुरात मधूनच रोमन शब्द कोंबणं मला पटत नाही, वाचताना खडा लागतो. पण रोमन स्लग आणि चित्राच्या फाइलचं रोमन नाव या दोन जागी ती सोय वाचनाला धक्का न लावता होते. मघाशी राखून ठेवलेला फायदा तो हा.

चित्रांचं निघालंच आहे तर: कॅमेऱ्याने दिलेलं 'आयएमजी' आणि पुढे चार आकडे, हे नाव बदलून मगच फोटो चढवावा. आणि 'ऑल्ट टेक्स्ट'च्या रकान्यात फोटोत काय आहे ते मराठीत लिहावं. 'सुंदर दृश्य' असं नव्हे. 'संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी, पावसाळ्यात' असं. तो रकाना मुळात दृष्टिहीन वाचकांसाठी आहे, त्यांचा स्क्रीन रीडर तो वाचून दाखवतो. सर्च इंजिनला त्याचा उपयोग होतो, तो त्यामागून.

आता सांगायची ती माझी सगळ्यांत महागात पडलेली चूक. एका ओळखीच्या संस्थेची वेबसाइट मी हौसेने बांधून दिली. काम चालू असताना अर्धवट पानं कुणाला दिसू नयेत म्हणून 'सर्च इंजिनांनी ही साइट सूचीत घेऊ नये' या चौकटीत बरोबरची खूण केली. उद्घाटन झालं, पेढे वाटले, खूण तशीच राहिली. दोन महिने संस्थेचे लोक 'गूगलवर आपण का येत नाही' म्हणून विचारत होते आणि मी त्यांना 'नवी साइट आहे, वेळ लागतो' असं तज्ज्ञासारखं सांगत होते. वर्डप्रेसमध्ये ही चौकट सेटिंगमधल्या 'रीडिंग' या पानावर अगदी तळाशी असते. ब्लॉगरमध्ये ती 'प्रायव्हसी'खाली आहे, अर्थ उलटा: तिथे दिसावं यासाठी बटण चालू ठेवायचं. विक्स आणि स्क्वेअरस्पेसमध्ये असं बटण लेखागणिकही मिळतं. नवी साइट सुरू करताना सगळ्यात आधी हे बघा.

दाखवू नका म्हणायचे दोन मार्ग आहेत आणि त्यांत भल्याभल्यांची गल्लत होते. 'नोइंडेक्स' म्हणजे पानाच्या आत लावलेली चिठ्ठी: पाहुणे, आलात ते ठीक, पण आमची नोंद करू नका. 'रोबोट्स' नावाची मजकूर-फाइल म्हणजे फाटकावरचा पहारेकरी: इथून आत यायचंच नाही. ही पहारेकऱ्याची पद्धत मार्टाइन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली, आणि बहुतेक सर्च इंजिनं ती सौजन्याने पाळत राहिली. इंटरनेटचं प्रस्तावित मानक म्हणून तिची नोंद व्हायला २०२२ उजाडलं. गंमत अशी की दोन्ही एकदम केलं तर काम फसतं. पहारेकरी फाटकावर अडवणार, म्हणजे आतली चिठ्ठी वाचली जाणारच नाही, आणि बाहेरच्या कुणी त्या पानाची लिंक दिली असेल तर नुसता पत्ता निकालात झळकू शकतो. एखादं पान शोधातून खरंच घालवायचं असेल तर फाटक उघडं ठेवा आणि चिठ्ठी लावा.

ही चिठ्ठी एका ठिकाणी मी मुद्दाम लावते: टॅगांच्या पानांवर. वर्डप्रेसमध्ये प्रत्येक टॅगचं एक स्वतंत्र पान तयार होतं. एका लेखाला हौसेने पंचवीस टॅग दिले की एकेक लेख असलेली पंचवीस पोकळ पानं जन्माला येतात. ब्लॉगरने हा प्रश्न आपल्यापुरता सोडवला आहे. तिथली लेबलांची पानं मूळच्या रोबोट्स फाइलमधूनच अडवलेली असतात. बाकीच्यांनी टॅग देताना हात आखडता घ्यावा.

दिवाळी अंकात आलेला लेख नंतर आपल्या ब्लॉगवर टाकणाऱ्यांसाठी आणखी एक रकाना कामाचा आहे, 'कॅनॉनिकल'. अंकाच्या वेबसाइटवर आणि आपल्याकडे तोच मजकूर असेल तर मूळ कुठला मानावा, याचा इशारा त्यातून देता येतो. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये मिळून तो मान्य केला. मूळ मान अंकाला द्यायचा असेल तर तिथला पत्ता या रकान्यात टाका. काहीच करायचं नसेल तर तो रकाना सोडून द्या, साधन आपलाच पत्ता घालतं.

हे सगळं लागू पडलं का, ते कळायचे दोन रस्ते आहेत. झटपट रस्ता: गूगलच्या शोधपट्टीत रोमन अक्षरांत 'साइट', त्याला चिकटून कोलन आणि त्याला चिकटून आपल्या वेबसाइटचा पत्ता. सूचीत असलेली काही पानं समोर येतात. मराठी कळफलक चालू असेल तर कोलनऐवजी विसर्ग पडतो आणि काहीच सापडत नाही, हेही मी करून पाहिलेलं आहे. दुसरा रस्ता सर्च कन्सोलचा. हे गूगलचं फुकट साधन आहे. २०१५ पर्यंत त्याला वेबमास्टर टूल्स म्हणत. साइट आपलीच आहे हे सिद्ध करायचं, साइटमॅपचा पत्ता द्यायचा, बस. साइटमॅप म्हणजे आपल्या लेखांची यादी, ती ब्लॉगर आपोआप बनवतं आणि वर्डप्रेसही २०२० च्या ऑगस्टपासून बनवतं.

कन्सोलमध्ये मला सगळ्यांत आवडतं ते एकच पान: लोकांनी काय विचारलं आणि आपण त्यांना दिसलो. तिथे सोळा महिन्यांपर्यंतचं मागचं दिसतं. माझ्या 'पावसातल्या पहाटे'पर्यंत पोचणारे लोक पहाट शोधत नव्हते. ते विचारत होते, राजगडावर पाणी मिळतं का, लहान मुलांना नेता येईल का, चोर दरवाजाची वाट पावसात जमते का. लेखात पाण्याचा उल्लेख एका वाक्यात उरकलेला होता. मी तो परिच्छेदभर केला, मुलांबद्दल नवा मजकूर लिहिला, दोन्हींना उपशीर्षकं दिली. मग जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या मालिकेत राजगडही जागतिक वारसा यादीत गेला, तेव्हा तीही ओळ घातली. लेखाची तारीख बदलायची ती अशी खरी भर घातल्यावरच. नुसती तारीख पुढे ढकलून ताजेपणाचा आव आणू नये.

एक इशारा त्या रंगीत दिव्यांबद्दल. एसईओच्या प्लगइनमध्ये 'मुख्य शब्द' द्यायचा असतो आणि तो लेखात किती वेळा आला ते मोजून लाल, केशरी, हिरवा दिवा लागतो. माझ्याकडच्या दिव्याला मराठी विभक्ती कळत नव्हती. मुख्य शब्द 'राजगड ट्रेक' दिला, लेखात 'राजगडाचा ट्रेक', 'राजगडाच्या ट्रेकला', 'राजगडावर ट्रेकसाठी' होतं; दिवा लाल. तो हिरवा करायला मी एकदा दर परिच्छेदात 'राजगड ट्रेक' कोंबलं. वाचून पाहिलं तर लेख नव्हे, टमटमवाल्याचा पुकारा झाला होता. सगळं काढून टाकलं. तो दिवा प्लगइनचा आहे, गूगलचा नाही. गूगलला तो दिसतही नाही.

भाच्याने मागच्या आठवड्यात पुन्हा विचारलं, "आत्या, तो र परत आणला का?" आणता येतो. स्लग बदलायचा आणि जुन्या पत्त्यावर आलेला माणूस नव्यावर जाईल अशी सोय करायची, एवढंच काम आहे. पण ती लिंक तोवर तीन ट्रेकिंग ग्रुपांत फिरलेली होती, कन्सोलमध्ये तोच पत्ता रुळला होता, आणि कुणाही वाचकाने आजवर तक्रार केलेली नाही. पुढच्या सगळ्या लेखांचे स्लग मी प्रकाशित करायच्या आधी स्वतः लिहिले. राजगडाचा लेख मात्र अजून 'माचीव'वरच आहे.